ऊन पादुकांवर येईपर्यंत

राहीबाईंनी चहाचा पेला घेऊन मठाच्या उंबऱ्याआत पाऊल टाकलं आणि त्या तिथंच थिजल्या. पुण्याची पाहुणी अक्षदा खाटेवर मांडी घालून, डोळे मिटून बसली होती. आणि तिच्या बरोबर खाली, खाटेच्या पुढच्या दोन पायांच्या मधोमध, एक घोणस वेटोळं करून बसली होती. अंगावरची ती साखळीसारखी नक्षी ओळखायला राहीबाईंना दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. सगळा जन्म कुडपणच्या पठारावर गेलेला.

ओरडावं, तर तोंड बंद. या मठाचा नियमच तसा होता. अबोलबुवा म्हणून कोणी साधू पूर्वी इथं राहायचे. ते सकाळचे बोलत नसत, म्हणून त्यांच्या माघारी मठात कोणीच सकाळी बोलायचं नाही. पूर्वेच्या झरोक्यातून आलेलं ऊन समोरच्या भिंतीवरून उतरत उतरत कोनाड्यातल्या पादुकांवर पडलं, की मग तोंड उघडायचं.

बारा वर्षं बंद पडलेला हा मठ राहीबाई आणि त्यांचे यजमान दत्ताराम यांनी कौलं बदलून, जमीन सारवून पाहुण्यांना राहण्याजोगा केला होता; त्या पैशावरच आता घर चालत होतं. गावानं परवानगी दिली ती वर्षाच्या बोलीवर आणि एका अटीवर. मौन मोडून एक शब्द जरी निघाला, तरी त्याच दिवशी कुलूप. किल्ली गावचे जुने कारभारी सयाजीतात्या यांच्याकडे. वर्ष आज भरत होतं आणि दुपारी देवळात गावाची बैठक होती.

कुलूप पडलं तर पुढं काय, हे राहीबाईंना पक्कं ठाऊक होतं. मुलगा किशोर बिरवाडीला कारखान्यात होता. "गावात आता काय हाय तुमचं? इकडं या राह्यला," असं तो दर फोनला म्हणायचा. त्याच्या खोलीची खिडकी उघडली की शेजारच्या खोलीची भिंत दिसे. मागं राहीबाई तिथं पंधरा दिवस राहून आल्या होत्या. बोलायला माणूस नाही म्हणून शेवटी शेवटी त्या पालीशी बोलायला लागल्या होत्या.

आणि समजा, बोलल्याच. "साप" हा शब्द ऐकल्यावर शहरातली पोरगी पहिल्यांदा काय करणार? पाय खाली टाकून पळणार. म्हणजे बोलणं दोन्हीकडून वाईट.

चहाच्या वासानं अक्षदानं डोळे उघडले. हसली. एक पाय सोडवून खाली टाकायला निघाली.

राहीबाईंनी पेला उंबऱ्यावर ठेवला आणि दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. थांब.

अक्षदानं पाय वर घेतला आणि तिनंही दोन्ही तळवे समोर धरले.

इथं राहीबाईंना आदल्या संध्याकाळचं बोलणं आठवलं. "काकू, मला इथं नुसतं राहायचं नाहीये," पाहुणी म्हणाली होती. "सकाळी तुमची जी काही साधना असेल, ती मला शिकवा."

"सकाळी बोलता येत नाय गो."

"मग तुम्ही करा. मी बघून बघून करीन."

"कर, कर," राहीबाई भाकऱ्या थापता थापता म्हणून गेल्या होत्या.

आता त्यांनी हात नागमोडी हलवून खाटेखाली बोट दाखवलं. अक्षदानं हात नागमोडी हलवून जमिनीकडं बोट दाखवलं. राहीबाईंनी बोटांचे दोन दात करून स्वतःच्या पोटरीला चावा घेतला. अक्षदानंही घेतला. राहीबाईंनी जीभ बाहेर काढून मान टाकली. अक्षदानं मान टाकली, आणि तिला ते इतकं आवडलं की तिनं ते डाव्या बाजूलाही केलं.

तेवढ्यात पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. सयाजीतात्या. अनवाणी, उपरणं सावरत आत आले आणि दाराजवळच्या दगडी कट्ट्यावर बसले. बैठकीआधी मौन कसं पाळतात ते स्वतः ऐकायला आले होते. समोर दोन बायका माना टाकताना दिसल्या. त्यांनी भुवया उडवून विचारलं, हे काय? राहीबाईंनी त्यांनाही नागमोडी हात दाखवला. तात्यांनी हातानंच 'पुरे' केलं, डोळे मिटले आणि माळ ओढायला लागले.

राहीबाई हळूच मागच्या दारानं अंगणात आल्या. तिथं दत्ताराम लाकडं फोडत होता. उंबऱ्याबाहेर बोलायला बंदी नव्हती.

"अवो, घोणस हाय. खाटंखाली."

"कुणाच्या?"

"तिच्या. आन ती माझी नक्कल करत्येय."

"मग सांग की तिला."

"तात्या दारात बसल्यात."

दत्तारामनं कुऱ्हाड खाली ठेवली. "चाळीस वर्षं तुला गप बस म्हणतोय. बसलीस ती आज."

"काठी घेऊन येताव का?"

"खाटंखाली काठी घातली तर ती उसळून वर जाईल. पोरगी वरच हाय." त्यानं डोकं खाजवलं. "लिवून दाखव. शिकलीस ना प्रौढ शाळेत? का नुस्ती सही?"

राहीबाईंनी चुलीतला विझलेला कोळसा घेतला, भिंतीवरचं सूप उतरवलं आणि त्याच्या पाठीवर एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं. खाली साप. पाय वर ठेव. प्रौढ शाळेत त्यांनी देवाचं नाव आणि मुलाचं नाव लिहिलं होतं. कुणाच्या जिवासाठी लिहायची वेळ आज पहिलीच.

"'ठेव'मधला 'ठ' जरा गोल कर," दत्ताराम म्हणाला.

"तुमीच जावा मग गोल करायला."

आत येऊन त्यांनी सूप छातीशी धरलं. अक्षदानं डोळे बारीक केले, मान पुढं काढली, पुन्हा डोळे बारीक केले. मग एका बोटानं 'एक मिनिट' अशी खूण केली आणि चष्मा घ्यायला हात खाली सोडला. चष्मा होता खाटेखाली. वेटोळ्यापासून वीतभर.

घोणशीनं डोकं उचललं.

राहीबाईंच्या हातून सूप पडलं. आता विचाराला जागाच नव्हती. त्यांनी पदर खोचला आणि दाणकन जमिनीवर पाय आपटला. पुन्हा आपटला. शेणानं सारवलेली जमीन हादरली, हातातल्या बांगड्या वाजल्या. अक्षदानं हात झटक्यात वर घेतला, तिचा चेहरा फुलला, आणि ती खाटेवर उभी राहून दणादण पाय आपटायला लागली.

वरूनही दणका, समोरूनही दणका. घोणस सुटली. खाटेखालून निघाली आणि उजेडाकडं, म्हणजे दाराकडं चालली. दारात कट्टा होता, कट्ट्यावर सयाजीतात्या होते आणि त्यांचे दोन उघडे पाय खाली लोंबत होते.

तात्यांचे डोळे मिटलेले. माळ चालू. आपटण्याचा आवाज ऐकून कपाळावर आठ्या तेवढ्या पडल्या होत्या.

राहीबाईंनी हात हलवले. मिटलेल्या डोळ्यांपुढं हात हलवून काय होणार? त्यांनी कोनाड्याकडं पाहिलं. ऊन पादुकांच्या चार बोटं वर होतं. चार बोटं. तेवढं गप्प राहिलं की मठ राहिला. बोललं की बिरवाडीची खिडकी, ती भिंत आणि ती पाल.

घोणस तात्यांच्या पायापासून हातभर आली. राहीबाईंनी छातीभर श्वास घेतला, मनात बिरवाडीला पाल कुठं बसते ते आठवलं आणि तोंड उघडलं.

"आयलाऽ, जनावर हाय!"

आवाज मठभर घुमला. पण तो राहीबाईंचा नव्हता. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. तात्यांनी एक डोळा किलकिला केला होता, आणि पंच्याहत्तर वर्षांचा तो माणूस कट्ट्यावरून जो उडाला तो थेट खाटेवर, अक्षदाच्या शेजारी. घोणस उंबरा ओलांडून बाहेर गेली. दत्तारामनं लांब काठीनं तिला अंगणाच्या कडेच्या गडग्याच्या दगडांकडं वळवलं.

मग तोही दारात येऊन उभा राहिला. तात्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. राहीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि कोनाड्याकडं दाखवलं. तात्या गप्प बसले. चौघंही भिंतीकडं बघत राहिले. ऊन एक बोट उतरलं, दुसरं उतरलं. गप्प राहणं राहीबाईंना आयुष्यात कधी एवढं गोड लागलं नव्हतं.

पादुका उजळल्या.

"मी बोललो नाय," तात्याच आधी म्हणाले. "घशातून आपोआप आलं."

"कुलूप कुठाय तात्या?" दत्तारामनं दारातून विचारलं. "बोली तशीच होती. मी लावतो, तुमी कशाला वाकताव."

"दत्त्या, गप."

"आता बोलायला मोकळीक हाय की."

तात्यांनी खाटेवरच बसून किल्ली कनवटीतून काढली, थोडा वेळ हातात फिरवली आणि राहीबाईंच्या हातावर ठेवली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. माझं वय झालं. मी बैठकीत सांगतो, राहीनं शब्द काढला नाय."

"खरं तेच सांगताव," राहीबाई म्हणाल्या.

अक्षदानं खाली वाकून चष्मा घेतला, पुसला, डोळ्यांवर चढवला. आपल्या नजरेतून काय काय सुटलं, ते तिला अजून कळायचं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काकू, इतकं खरं मी कुठंच अनुभवलं नाही. पण ते शेवटचं मला जमलं नाही हं. आजोबा उडतात ते."

राहीबाईंनी खाटेवर तिच्या शेजारी बसून काय घडलं ते पहिल्यापासून, काही न वगळता, तासभर सांगितलं. मग घोणस जिथून आत आली होती ते भिंतीतलं बीळ दगड-मातीनं बुजवलं. अक्षदा त्या दिवशी खाटेवरून उतरली ती दुपारी, बैठक संपल्यावर.

आपली पाहुणी आता परत येत नाही, असं राहीबाईंनी धरून ठेवलं होतं. महिन्यानं ती आली. बरोबर सहा जणी. सगळी हकीकत त्यांना पाठ होती. पहाटे सहाही जणींनी खाटांखाली बॅटरी मारून पाहिली, मग राहीबाईंसमोर ओळीनं बसून तळवे वर केले, हात नागमोडी हलवले, माना टाकल्या. पाय आपटून झाले आणि सगळ्याजणी दाराकडं वळल्या.

कट्ट्यावर सयाजीतात्या नवं धोतर नेसून बसले होते. त्यांनी ऊन कुठवर आलंय ते पाहिलं, माळ खिशात टाकली, तोंड घट्ट मिटलं आणि उडी मारली.