मैनेचा पाय आणि उद्याचं लग्न

"घोड्यांचं मला काय सांगता? नुसती टाप ऐकून जात, वय आणि स्वभाव सांगेन!" अनंतराव छातीवर हात मारून म्हणाले, आणि लोणी काळभोरहून घोडी आणायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

सवाई माधवरावांच्या अमदानीतली ही गोष्ट. अनंतराव सरदार विंझणेकरांचे कारकून. सरदारांचा पुतण्या श्रीनिवास उद्या बोहल्यावर चढायचा होता. त्याची लाडकी घोडी मैना लोणीच्या पागेत होती, आणि मिरवत जायचं तर तिच्यावरच, असा त्याचा हट्ट होता.

मैनेवर बसून लोणी सोडली आणि अनंतरावांच्या काळजात चर्र झालं. घोडी डावीकडे कलत होती! पावलागणिक ते सुपातल्या दाण्यासारखे एका बाजूला घरंगळत होते.

"पुढचा डावा पाय गेला!" त्यांनी निदान केलं, खाली उतरले आणि लगाम धरून, मैनेची समजूत घालत पायी पुण्याला सरदारांच्या वाड्यात आले.

घोड्यांची निगा राखणाऱ्या मन्सूर मोतद्दाराने पाय चाचपला. "सूज तर लागत नाही, रावसाहेब."

"लागत नाही म्हणजे आत आहे! लेप लावा!"

आंबेहळद थापली, वर पागोट्याएवढं फडकं गुंडाळलं. या गडबडीत खोगीर उतरवायचंही कुणाला सुचलं नाही. आणि आता मैना खरंच लंगडू लागली! पायाला एवढं गाठोडं बांधल्यावर सरळ कोण चालेल? ती पाय छातीपर्यंत उचलायची, हवेत धरायची आणि निखाऱ्यावर ठेवल्यासारखा टेकायची.

"बघा!" अनंतराव म्हणाले. एवढ्या काळजीतही त्यांना जरा बरं वाटलं.

त्यांची बायको मंदाकिनी आणखी हळद मागायला शेजारी गेली. "पाय दुखावलाय हो! उद्या लग्न, आणि आज हे!" कुणाचा पाय, ते सांगायचं राहून गेलं. कसब्यातून बातमी शनिवार पेठेत पोचली तेव्हा नवऱ्यामुलाचा पाय मोडला होता. बुधवारात मुलीच्या घरी पोचेपर्यंत तो जन्मापासूनच लंगडा झाला होता!

उन्हं कलायच्या आत मुलीची आत्या वासंतीबाई वाड्यात हजर. मागे मुलीचे वडील, घामाघूम.

"चालवून दाखवा," वासंतीबाई म्हणाल्या.

अनंतराव आडवे आले. "आज चालवू नका, बाई! फार तर एक फेरी. मी लगाम धरतो."

"लगाम?" मुलीच्या वडिलांनी खांब धरला.

"तब्येत एरवी ठणठणीत आहे हो! हरभरे भरपूर खाल्लेत. सकाळीच नवे नाल ठोकलेत!"

"नाल! अहो, मोडलं हे लग्न!"

हे ऐकून श्रीनिवास माडीवरून धडाधड उतरला. मुलगी त्याने एकदाच पाहिली होती, पण तेवढ्यावर तो रात्रंदिवस शीळ घालत होता. त्याचा चेहरा खाडकन उतरला. "अहो, मी काय केलं?"

"पायाचंच म्हणता ना?" अनंतराव घाईघाईने मैनेकडे वळले. "हा घ्या, डोळ्यांनी बघा!" आणि त्यांनी फडकं सोडलं.

पाय मोकळा झाला मात्र, मैना वाड्याच्या उघड्या दरवाजातून सुसाट सुटली!

श्रीनिवास धोतर खोचून मागे धावला. अंगाला उष्टी हळद लागलेली, शेंडी वाऱ्यावर! त्याने बोळ ओलांडला, भाजीच्या पाट्यांवरून उडी मारली, मुठेच्या घाटावर मैनेला गाठलं आणि टांग मारून भरधाव परत आला. मुलीच्या वडिलांनी खांब सोडला. श्वास घेतला.

"जावई तर हरणासारखा आहे!"

"आणि घोडीही," वासंतीबाई म्हणाल्या. "मग दुखावलं होतं कोण?"

श्रीनिवास खाली वाकून बघत होता. "अनंतराव, खोगिराची पाय ठेवायची डावी रिकीब उजवीपेक्षा वीतभर खाली लोंबतेय. घोडी सरळच होती. लोणीपासून वाकडे तुम्हीच बसला होतात!"

सगळा वाडा हसला. मन्सूर तर घोडीच्या मानेत तोंड लपवून हसला. मुलीच्या वडिलांनी स्वतःच गूळ मागवून वाटला. लग्न उद्याच, ठरल्या मुहूर्तावर!

वासंतीबाईंनी पदर सावरला आणि जाता जाता उंबऱ्यात थांबल्या.

"मुलाचे पाय पाहिले, घोडीचेही पाहिले. काही खोट नाही. ह्या कारकुनांचं डोकं तेवढं सवडीने वैद्यांना दाखवा!"