धाकटा रेडिएटर

वेगवान गाडीचं इंजिन थंड कसं ठेवायचं, हे मला कुणी शिकवायला येऊ नये. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकली की लोक सल्ले द्यायला लागतात आणि माझं डोकं फिरतं!

माझी गाडी म्हणजे तालमीतला पठ्ठ्या. बुटकी, रुंद आणि एकदा सुटली की कुणाला ऐकत नाही. दोष एकच. चढ लागला की तापमानाचा काटा लाल रेघेकडे निघायचा आणि बॉनेटमधून वाफा. माझ्या मावशीचं घर नेमकं टेकडीवर! दर खेपेला आम्ही अर्ध्या चढावर रस्त्याच्या कडेला उभे. शेवटी बायकोने निकाल दिला.

"आता एकदा जरी उकळली, तरी ही गाडी माझ्या भावाला द्यायची. त्याला आवड तरी आहे."

त्याला आवड! आणि मी काय नाइलाजाने पोसत होतो?

मी दुसरा रेडिएटर बसवायचं ठरवलं. थोरल्याच्या पुढ्यात, बंपरखालच्या मोकळ्या तोंडात, एक धाकटा. गरम पाणी दोघांतून फिरणार, समोरून वारा लागणार, इंजिन गार. पाइप मी जोडले, पट्ट्या मी कसल्या, वाऱ्याला अडथळा नको म्हणून पुढची जाळीही मीच काढली. मेकॅनिक शेजारी स्टुलावर बसून नुसता बघत होता. काम चांगलं झालंय, एवढं म्हणायला याची जीभ झिजली असती का? बायको म्हणाली, "आधी हात धुऊन या." आई तेवढी वाकून बघत बसली.

"कोरा आहे का रे?"

"कोरा करकरीत."

"छान आहे हो," आई म्हणाली. घरात एका माणसाला तरी कदर आहे म्हणून मला भरून आलं.

रविवारी मावशीकडे जेवायला निघालो. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती, ती झोकात मागे घेतली. बायको शेजारी, आई मागे. "आज काट्याकडे बघत राहा," मी बायकोला म्हटलं.

ती बघत राहिली. चढ सुरू झाला आणि काटाही चढायला लागला. पूर्वी अर्ध्या चढावर यायची ती वाफ आज पहिल्याच वळणावर आली!

मी बॉनेट उघडलं आणि मेकॅनिकला फोन लावला.

"पुढे काही अडकलंय का बघा," तो म्हणाला. "कागद, पिशवी, असलं काही."

"मी काय कचऱ्याच्या ढिगातून गाडी आणलीय का?" मी फोन ठेवला. मला वाकून बघायला सांगतो! स्टुलावरून उठला नाही तो!

"जाऊ द्या हो," बायको म्हणाली. "थंड झाली की जाऊ. भावाचं काय, मी रागात बोलले होते."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण दया दाखवलेली मला खपत नाही. "मुळीच नाही. शब्द म्हणजे शब्द," मी गरजलो आणि तिथूनच मेहुण्याला फोन केला. "गाडी तुझी झाली. दोर घेऊन ये आणि ओढून ने!"

पठ्ठ्या आपली जुनी गाडी घेऊन लगेच हजर. दोर बांधायला बंपरखाली वाकला आणि तिथूनच म्हणाला, "भाऊजी, इथे कापड कशाला बांधलंय?"

मी खाली वाकलो. धाकट्या रेडिएटरवर छत्रीच्या काळ्या कापडाचं कव्हर होतं! कडांना दुहेरी शिलाई, चारी कोपऱ्यांना नाड्या, नाड्यांच्या सुबक गाठी. वारा सोडा, मुंगी आत शिरली नसती.

"कुठल्या गाढवाने हे केलं?" मी ओरडलो.

"मी शिवलंय," आई खिडकीतून म्हणाली. "काल तू बाहेर गेला होतास तेव्हा बसवलं. एवढी कोरी वस्तू, धूळ खात उघडी ठेवायची? आपल्या घरात फ्रिजला कव्हर आहे, मिक्सरला आहे, रिमोटलासुद्धा आहे. तेव्हा कुणी गाढव म्हणालं नाही मला."

बायको गाडीला टेकून हसत सुटली. मी आईची माफी मागितली, पण माझा जीव गाडीत अडकलेला. "म्हणजे दोष गाडीचा नव्हताच," मी म्हटलं. "तेव्हा मघाचं ते बोलणं..."

"मी कुठे गाडी मागितली?" बायको म्हणाली. "मी तर जाऊ द्या म्हणत होते."

मेहुण्याने हळूच हात पुढे केला. मी किल्ली दिली. काय करतो!

कव्हर काढून, पाणी भरून, माझी गाडी भर्रकन चढाला लागली. त्यात मेहुणा, बायको आणि आई. मागून त्याच्या खडखडत्या डब्यातून मी, एकटा. पोचलो तेव्हा सगळे जेवायला बसले होते.

"काटा जागचा हलला नाही, मावशी!" मेहुणा रंगात येऊन सांगत होता. "भाऊजींनी स्वतः बसवलाय तो रेडिएटर. असलं चोख काम मेकॅनिकलाही जमायचं नाही. हात आहे त्यांचा!"

एवढंच ऐकायला माझे कान आसुसले होते, आणि ऐकवलं कुणी, तर या गृहस्थाने! मी रागारागाने त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि रेडिएटरच्या पाण्यात कूलंट किती मिसळायचं, ते त्याला नीट समजावून सांगितलं.