घाटावरच्या रावांनी जुनी होडी पारखली, त्याची बखर

पुढे लिहिले आहे ते भूतलावर कोणी खरे मानणार नाही. म्हणतील, म्हातारा भांग चढवून बसला. खुशाल म्हणोत. श्रीजलदेवता साक्ष आहे, आणि ती बोलत नाही, हे उत्तम.

शके सोळाशे अठ्ठ्याऐंशी, व्ययनाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी घाटावरील राजश्री सुभानराव यांस खाडीकाठचे राज्य नवेच प्राप्त जाहले होते. राव घोड्यांचे थोर पारखी. पाणी म्हणाल तर तांब्यातले तेवढे ठाऊक. राणीसाहेब म्हाळसाई मात्र दर्यावर्दी घरच्या, माहेर खाडीपलीकडे. दर सणास भाऊ न्यावयास होडी पाठवी आणि रावांस हसोन पुसे, "काय दाजी, आपली होडी अजून झाडावरच आहे वाटतं?" ऐसे ऐकता ऐकता बाईसाहेबांचा धीर सुटला आणि भाचीचे लग्न निघाले, मग त्यांनी निक्षून सांगितले, "यंदा आपल्या होडीतून नेलंत तर अक्षता पडताच माघारी येऊ. भावाच्या होडीतून गेलो, तर तिकडेच राहू. लेकरंही तिकडेच."

रावांस दरदरून घाम फुटला. खजिना उघडोन पाहिला, तो आत उंदीर एकादशी करीत होते. नवी होडी बांधणे दुरापास्त. सबब वापरलेली, शिडाची, लेकराबाळांस पुरेशी पाहावी ऐसे ठरोन स्वारी बंदरी दाखल जाहली. तेथे धर्मा तांडेल याने वाळूवर ओढलेली होडी दाखविली. रंग ऐसा ताजा चोपडला होता की माशा चिकटोन बसल्या होत्या. रावांनी होडीस प्रदक्षिणा घातली आणि कुशीवर थाप मारिली आणि पुढे वाकोन दात शोधिले, ते न सापडता लाकडातली गाठ सापडली, मग आनंदोन बोलिले, "छातीवर भोवरा! लक्षण शुभ." तांडेल हात जोडून म्हणाला, "काय नजर सरकारांची! हिच्या आईलाही तिथंच होता." राव म्हणाले, "बुजते काय?" "छे! लाट बघून उलट पुढं धावते." "आणि खाणं?" "नुसता वारा, सरकार. कधीमधी घोटभर पाणी." "हे बरे. न पिणारे जनावर आजारी," ऐसे बोलोन राव रुमालाखाली बोटे धरोन सौदा करू लागले. तो बाईसाहेब पुढे जाहल्या आणि म्हणाल्या, "वाळूवर आहे तोवर हिच्यात पाणी भरा. जिथून बाहेर गळेल, तिथूनच उद्या आत येईल." तांडेलाचे तोंड उतरले. राव मात्र पोट धरोन हसले, "अहो, घोड्याच्या पोटात पाणी ओतोन कोणी पारख करितो?" अवघी मंडळी हसली आणि सौदा पुरा जाहला.

मग सुमुहूर्तावर राव, बाईसाहेब आणि लेकरे होडीत बैसली आणि शीड भरले आणि निम्मी खाडी सरली, तो तळातून पाणी उसळले. घोटभर नव्हे, गुडघाभर. पलीकडल्या काठी मेव्हणा होडी घेऊन उभाच होता. हाक मारावी तर बायको जाते, न मारावी तर जीव. तेव्हा राजश्रींनी मिशीवर हात फिरविला आणि त्या भोकावर ऐसी तिखट नजर रोखिली की पाणी लाजोन आल्या वाटेने परत गेले आणि आत आलेले मासे मुजरे करोन निघाले आणि एक सुरमई तर पदर सावरीत गेली आणि होडी ऐसी धावली की वारा मागे पडोन "अहो, थांबा" म्हणो लागला आणि...

"खोटं!"

भर दरबारी आम्ही ही बखर वाचीत असता पडद्याआडून बाईसाहेब कडाडल्या. "नजर म्हणे! डोळे गच्च मिटून, डोलकाठीला मिठी मारून, घोड्याला चुचकारावं तसं 'हो राजा, हो राजा' म्हणत कोण बसलं होतं? पाणी मी उपसलं, आहेराच्या तपेल्यानं. चार दिवस हातात घास धरवत नव्हता. पोचलो आपल्याच होडीतून, म्हणून माघारी आले. ती नजर आधी खोडा."

दरबार रावांकडे पाहू लागला. राव पागोटे सावरीत हळूच म्हणाले, "खोडा. तपेलं लिहा."

येणेप्रमाणे त्या राज्याचे आरमार उभे राहिले: होडी जुनी, वारा फुकट, सरखेल बाईसाहेब.