हक्काचे ठोसे

"उद्यापासून तुझे ठोसे मीच खाणार," असं शिंप्याने जेवता जेवता ठणकावून सांगितलं, आणि बायकोचा घास हातातच राहिला.

बायको जाळीच्या पिंजऱ्यात लढणारी. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं चालतं अशा लढतींत. उचलून आपटण्यात तिचा कुणी हात धरणार नाही. पण मागची लढत हरली ती जवळ पोचताच आलं नाही म्हणून. समोरचीने दुरूनच तोंड रंगवलं. तेव्हापासून ती बॉक्सिंगच्या सरांकडे जायला लागली आणि इकडे शिंप्याच्या पोटात दुखायला लागलं.

घरात ऊठसूट सर. "सर म्हणतात, आधी ठोसा, मग पकड. ठोशाच्या धाकाने हात वर गेले की कंबर आपसूक मोकळी." भाजी चिरताना सर, दिवा मालवताना सर. आपलं नाव घेताना हिचा चेहरा कधी असा फुलला होता का, हे शिंपी आठवून आठवून थकला. त्या बसक्या नाकाच्या माणसात असं आहे तरी काय? रोज हिच्या डोळ्यांत डोळे घालून उभा राहतो, एवढंच ना? ते नवऱ्याला जमणार नाही?

दुसऱ्या दिवशी सरावाच्या हॉलवर त्याने सरांच्या हातातले ठोसे झेलायचे पॅड जवळजवळ हिसकावूनच घेतले.

"धरा की," सर म्हणाले. "मलाही तेवढाच आराम."

पण ठोसा काही धड येईना. यायचा तो सदऱ्यावरचा दोरा झटकावा तसा. वर पुन्हा, "अहो, लागलं नाही ना?"

"मनापासून मार."

"अहो, तुम्हाला कसं मारू?"

"त्यांना मारतेस ना?"

"ते सर आहेत."

हे मात्र शिंप्याला फार झोंबलं. परक्याला मनापासून, आणि हक्काच्या नवऱ्याला उरकल्यासारखं! तेवढ्यात सर म्हणाले, "लढत तोंडावर आलीय. असल्या सरावाने ती पुन्हा हरेल. आणा ते पॅड."

आता माघार घेतली तर बायको कायमची सरांची. हिला चिडवल्याशिवाय गत्यंतर नाही, हे शिंप्याने ओळखलं.

"तुझ्या आईचे ब्लाउज दर वर्षी उसवून उसवून माझी बोटं झिजली," तो म्हणाला. ठोशात जरा जीव आला.

"तुझा भाऊ म्हणजे नुसता आयतोबा." पॅड फाडकन वाजला. शिंपी सुखावला आणि तिथेच थांबायचं सोडून म्हणाला, "मागच्या वेळी हरलीस ना, तेव्हा दुकानात मी सांगितलं, ही माझी बायकोच नव्हे."

बायको एक पाऊल पुढे आली. तिची मूठ नाकाच्या रोखाने सुटलेली दिसली म्हणून शिंप्याने दोन्ही हात वर घेतले. मूठ पोचलीच नाही. कंबरेला मिठी पडली. चारचौघांत, सरांच्या डोळ्यांदेखत! जिंकलो, असं त्याला वाटलं, आणि ते वाटून पुरं व्हायच्या आत त्याचे पाय वर गेले आणि पाठ गादीवर आदळली.

"सर, जमलं!" बायको उड्या मारत सरांकडे धावली. मग आठवण झाल्यासारखी परत येऊन वाकली.

"अहो, आता होतं ना मनापासून?"

शिंप्याने पडल्या पडल्या मान डोलावली आणि चाचपडत दोन्ही पॅड काढले.

"सर," श्वास सापडल्यावर तो म्हणाला, "हे तुम्हीच धरा. तुमचा हात बसलाय."