खंडेनवमीची कॉइल

आमचे पूर्वज शिलेदार होते. बारगीर नव्हे! बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा, शिलेदार स्वतःच्या. घोडा स्वतःचा, खोगीर स्वतःचं आणि घोड्याला खराराही स्वतःच्या हातानं. अशा घराण्यातला मी, समरजीत, माझी गाडी दौलतसिंह मिस्त्रीच्या हवाली करीन? शक्यच नाही!

गाडी सोळा वर्षांची आहे. सिग्नलला उभी राहिली की थंडी भरल्यासारखी थरथरायची आणि वळताना कण्हायची. दौलतसिंहचं दुकान आमच्या मोहल्ल्याच्या, म्हणजे शिंदे की छावनीच्या, नाक्यावरच. त्यानं बॉनेटसुद्धा न उघडता निदान केलं.

"भैयासाब, एक कॉइल गई है। और स्टेयरिंग का तेल काला पड़ गया। छोड़ जाओ, दशहरे के बाद दे दूँगा।"

दसऱ्यानंतर? अहो, गाडी हवी होती ती दसऱ्यालाच!

आमचे काकासाहेब, जयसिंहराव, चौऱ्याऐंशी वर्षांचे. फौजेत तोफखान्यात होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून वर्षभर घरातच बसून असतात. फक्त दसऱ्याच्या संध्याकाळी फेटा बांधून, मिशांना पीळ देऊन शमीपूजनाला निघतात, तेही माझ्याच गाडीतून. टॅक्सीचं नाव काढलं की म्हणतात, "भाड्याच्या घोड्यावर? त्यापेक्षा घरी बसेन." आणि ते खरोखरच घरी बसले असते. वर्षातला एकच दिवस त्यांचा, आणि तो माझ्या हातात होता!

"मी बनवतो गाडी," मी घरात जाहीर केलं.

"गेल्या वर्षी तुम्ही मिक्सर बनवला होता," हर्षिता, म्हणजे आमच्या सौ., म्हणाल्या.

"मग?"

"मग नवा मिक्सर आणला."

अशा बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. मी चार व्हिडिओ पाहिले. इंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाला ठिणगी पुरवणारी एक इग्निशन कॉइल, आणि प्रत्येक कॉइलला एकच बोल्ट! एवढ्यासाठी मिस्त्री? नई सडकच्या बाजारात जाऊन एक नवी कॉइल आणि पॉवर स्टेअरिंगच्या तेलाची बाटली घेऊन आलो. दुकानदारानं विचारलं, "कौन से मिस्त्री ने मँगाया?" मी छातीवर हात ठेवला. बिचारा बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

खंडेनवमीच्या सकाळी आठला अंगणात मोहीम सुरू झाली. इंजिन चालू ठेवून मी एकेका कॉइलची वायर काढून पाहिली. जिची काढल्यावर इंजिनाला काही फरकच पडत नाही, ती मेलेली. तीन नंबर! पहिल्याच फटक्यात सापडली! आता तिच्यावर खूण करायची, तर काळ्या प्लास्टिकवर पेन्सिल उमटेना. मी काय करावं? देवघरातून चिमूटभर कुंकू आणलं आणि तिला ठसठशीत टिळा लावला. मला माझंच कौतुक वाटलं.

खरं तर एकच कॉइल बदलायची होती. पण म्हटलं, खरारा करायचा तर पुरा करू! चारही काढल्या आणि घासूनपुसून अशा लख्ख केल्या, की नवी शेजारी ठेवली तर ओळखू येईना. टिळा मात्र पुन्हा नव्यानं लावून ठेवला. मग होळीची पिचकारी शोधून काढली आणि टाकीतलं स्टेअरिंगचं काळं तेल सुर्रकन ओढून घेतलं. आता नवं तेल ओतणार, तेवढ्यात आतून आईची हाक आली.

"समरजीत! काय करून राहिलायस अजून? पूजेला उशीर होतोय, आधी आंघोळ करून घे! गाडी नंतर बनव!"

आमच्या घरात सुधाताईंच्या, म्हणजे आईच्या हाकेपुढे शिलेदारही गप्प बसतात. मी आंघोळ केली, सोवळं नेसलो आणि देवघरात आलो. आलो तो दारातच थबकलो!

खंडेनवमीची शस्त्रपूजा मांडलेली होती. पणजोबांची तलवार, कट्यार, विळी, कात्री, हर्षिताचा लॅपटॉप... आणि त्यांच्या पुढे माझे पाने, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत ओळीनं! पान्यांच्या पुढे पाच कॉइल! कॉइलच्या शेजारी तेलाची बाटली, तिच्या गळ्यात झेंडूची माळ!

"आई! हे काय केलंस?"

"तुझी शस्त्रंच ना ही? मागल्या वर्षी तूच रुसला होतास, सगळ्यांच्या शस्त्रांची पूजा झाली, माझी नाही म्हणून. घे, यंदा सगळी मांडली!"

खरं सांगतो, ऊर भरून आला. तलवारीच्या पंगतीला माझा दहा नंबरचा पाना! मी भक्तिभावानं वाकलो, आणि वाकलेलाच राहिलो. पाचही कॉइलना टिळा होता. एकसारखा, ठसठशीत!

"एकीला आधीच कुंकू लागलं होतं," आई म्हणाली, "बाकीच्यांनी काय पाप केलंय? सगळ्यांना लावलं."

मी हळूच हात पुढे केला.

"खबरदार! पूजेतली शस्त्रं उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाहीत!"

आणि उत्तरपूजा कधी? दसऱ्याचा नैवेद्य झाल्यावर, म्हणजे दुपारी दोनला! माझी गाडी अंगणात बॉनेट उघडं टाकून रात्रभर आ वासून उभी राहिली. हर्षिता येता-जाता तिच्याकडे बघायची, मग माझ्याकडे.  ते फार लागलं.

दसऱ्याला दोन वाजता काकासाहेबांचा फोन आला. "समरजीत, पाचला निघायचं. फेटा काढून ठेवलाय." अडीचला पुन्हा आला. "फेटा बांधला."

उत्तरपूजा होताच मी देवघरातून कॉइल आणि पाने उचलून अंगणात धावलो. पाचांतल्या चार कॉइल निवडल्या, बसवल्या. निवडलेल्यांत ती महामाया होतीच! गाडी थरथरली. पुन्हा एकेक वायर काढली, पुन्हा ऐकलं. एक कॉइल नीट बसलीच नव्हती, तिच्यामुळे आणखी गोंधळ. दोनदा बोट भाजलं. शेवटी पावणेपाचला गुन्हेगार सापडली, तिच्या जागी पाचवी बसवली, किल्ली फिरवली...

"हर्षिता! ये, ऐक!"

"काय ऐकू? काहीच आवाज येत नाहीये."

"तेच तर ऐक!"

काय मुलायम चालत होतं इंजिन! मी बॉनेट आपटलं आणि तसाच काकासाहेबांना आणायला सुटलो. गल्लीच्या वळणावर स्टेअरिंग जरा जड लागलं. म्हटलं, दोन दिवसांच्या मेहनतीनं हात भरून आलेत. काकासाहेब ऐटीत पुढच्या सीटवर बसले. खरी गंमत शमीपूजनाच्या मैदानाकडे वळताना झाली. गर्दीत गाडी हळू केली, स्टेअरिंग फिरवलं, तर ते ढिम्म हलेना! आणि बॉनेटखालून असा लांबलचक हंबरडा फुटला, की समोरचा भेळवाला टोपलीसकट बाजूला झाला.

त्या क्षणी मला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसली ती तेलाची बाटली. देवघरात, तलवारीपुढे, झेंडूची माळ घालून बसलेली!

"काकासाहेब," मी घामाघूम होऊन म्हणालो, "वळत नाहीये."

मला वाटलं, आता म्हणतील, परत फिर. पण म्हाताऱ्याचे डोळे चमकले! त्यांनी डाव्या बाजूनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं.

"तोफ वळवतात तशी वळवू! मी ओढतो, तू ढकल! एक... दोन... हां!"

गाडी वळली! हंबरडा आणखी वाढला. पुढचे लोक दचकून मागे बघू लागले. एकानं फेट्यातले काकासाहेब पाहिले आणि ओरडला, "हटो, हटो! सरदार साहब की सवारी आ रही है!" बघता बघता गर्दी दुभंगली. एरवी आम्ही अर्धा किलोमीटर लांब गाडी लावून काकासाहेबांना धरून धरून चालवत नेतो. यंदा गाडी थेट शमीपुढे! कारण तिथून ती कुठेच वळत नव्हती.

काकासाहेब उतरले ते ताठ. "बऱ्याच वर्षांनी कुणी आमच्यासाठी वाट सोडली," ते म्हणाले. "हा आवाज कसला बसवलास?"

"खास... दसऱ्यासाठी," मी म्हणालो. देवा, क्षमा कर!

पूजा झाल्यावर त्यांनी पहिलं सोनं माझ्या हातात दिलं. "स्वतःची गाडी स्वतः बनवलीस. शिलेदार आहेस!" मी काळ्या हातांनी त्यांच्या पाया पडलो. एवढा अभिमान मला उभ्या आयुष्यात वाटला नव्हता, खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या दिवशी चार जणांनी ढकलत गाडी दौलतसिंहच्या दारात नेली. त्यानं या वेळी बॉनेट उघडलं.

"पंप गया, भैयासाब। सूखा चला दिया?"

मी आकाशाकडे बघत होतो, तेवढ्यात काकासाहेबांचा फोन आला.

"गाडी दौलतसिंहकडे दिलीस म्हणे?"

"हो... म्हणजे त्याला दाखवायला, मी कशी बनवली ते."

"बरं केलंस. त्याला सांग, काय हवं ते बदल, पण तो आवाज तेवढा ठेव. पुढल्या दसऱ्याला लागेल."