टसरी कोटावरील अज्ञात डाग

आलापल्लीच्या अलीकडे मोहटोला म्हणून एक जंगल डेपो होता. तिथले साहेब गुणवंतराव यांच्या फिकट टसरी कोटावर, खिशाच्या खाली, एक डाग आढळून आला. वनमहोत्सव चार दिवसांवर होता आणि झाडे लावताना कोट लागतोच.

कोट गावच्या वरठ्याकडे, म्हणजे धोबी मुखरूकडे आला. टसर भट्टीत घालता येत नाही. डाग कशाचा हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हे मुखरू बापाकडून शिकला होता. तो सरळ कचेरीत गेला.

"साहेब, डाग कायचा आहे? पानाचा असन तं इलाज येगळा, चरबीचा असन तं येगळा."

"अज्ञात," साहेब म्हणाले.

मुखरूने कोट हुंगला. "हा तं सांबराच्या चरबीचा आहे, साहेब. मागल्या इतवारच्या दिवशी ठेकेदाराकडं जेवन झालं ना? अर्ध्या गावाचे धोतरं याच वासाचे आले माह्याकडं."

कारकुनांनी फायलींत डोकी खुपसली. साहेबांनी मात्र शांतपणे समजावले, "पावसाळ्यात शिकारीस बंदी आहे. म्हणजे सांबर मेलेले नाही. म्हणजे चरबी नाही. सबब डाग अज्ञात."

लगेच त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमली गेली. तिघेही त्या पंगतीला होते, त्यामुळे विषयाचा अभ्यास दांडगा होता. कोट मुखरूच्याच ताब्यात ठेवून समितीने त्याच्याकडून अज्ञात डाग निघतो की नाही, याचा लेखी खुलासा मागवला. मुखरूला लिहिता येत नव्हते.

"काऊन बोललास? गपचूप धुवायचा होता," त्याची बायको गुणाबाई कडाडली.

मग त्याने तेच केले. डागावर तांदळाचे पीठ भुरभुरले, कोमट पाण्यात रिठा घोळला, हलक्या हाताने कोट धुतला आणि सावलीत वाळवला. डाग गेला. बिचारा हसतहसत कचेरीत गेला. त्याला वाटले, आता प्रकरण मिटले.

समितीने कोट उजेडात धरून पाहिला आणि अहवाल लिहिला: रिठ्याने चरबी निघते. डाग रिठ्याने निघाला. अर्थात डाग चरबीचा होता. साहेबांनी दिला तेव्हा तो अज्ञात होता, ज्ञात झाला तो मुखरूच्या घरी. सबब चरबी मुखरूच्या घरची, आणि बंदीच्या काळात सांबर मारणाराही तोच.

शिपाई मुखरूला घेऊन गेले. ज्याने जन्मात उंदीर मारला नाही, तो शिकारी ठरला.

कोट आला तेव्हाच डाग होता, असा कागद गुणाबाईने मास्तरांकडून लिहून घेतला आणि सह्यांसाठी दारोदार फिरली. सगळे हळहळले. "मुखरूसारखा सज्जन मानूस नाई, बाई," प्रत्येक जण म्हणाला. मग आवाज खाली आणून विचारी, "आमचे धोतरं झाले का?"

झाले होते. तिने सगळ्यांचे कपडे मोजून दिले. सही एकही मिळाली नाही.

वनमहोत्सवाला सारे मोहटोला पांढरेशुभ्र होऊन बसले. साहेबांनी टसरी कोटात सागाचे रोप लावले आणि वन्य जिवांवर दया करण्याविषयी बोलले. टाळ्या कडाडल्या. नाक मुरडू नका, वाचकहो. तुम्हीही तिथेच बसला असता. फक्त टाळीसाठी हात उचलण्याआधी आपली बाही तेवढी तपासून घेतली असती.