सीटखालचं काळं तेल

हिंटरवायलर गावातला सर्वांत तल्लख माणूस कोण, हे कुणी विचारलेलं नसतानाही गोटहिल्फ श्नेबेले त्याचं उत्तर देत असत. ते त्यांनी कार्डावरही छापून घेतलं होतं: 'गोटहिल्फ श्नेबेले, खाजगी गुन्हेशोधक. नजर ससाण्याची, बुद्धी वस्तऱ्याची, चौकशी मोफत.' निवृत्त होण्याआधी ते तालुक्याच्या गावी भलत्या जागी उभ्या केलेल्या गाड्यांवर दंडाच्या पावत्या चिकटवत. त्यामुळे उभी गाडी दिसली की गुन्हेगार जवळपासच असणार, असा त्यांचा पक्का समज होता.

त्यांचा मदतनीस म्हणजे त्यांचा मेहुणा लोरेन्झ. ही नेमणूक कधी झाली ते लोरेन्झला आजवर कळलं नव्हतं. बहिणीने एकदा फोन करून 'ह्यांना जरा घराबाहेर ने' एवढंच सांगितलं होतं. तेव्हापासून दाजी पुढे आणि दाजींची पिशवी घेऊन लोरेन्झ मागे, असं चाललं होतं. पिशवीत भिंग, मोजपट्टी, हातमोजे आणि लोणी लावलेला, गाठीच्या आकाराचा ब्रेत्सेल पाव असे. त्यातला ब्रेत्सेल तेवढा नियमित वापरात येई.

त्या ऑगस्टात गावबसचं प्रकरण उपटलं. गावात एरवी बस येत नाही, म्हणून गावकऱ्यांनीच मंडळ काढून लिंडाख कारखान्याची एक छोटी बस घेतली होती. म्हाताऱ्याकोताऱ्यांना डॉक्टरकडे नि बाजाराला न्यायची, आणि चालवणारे सगळे बिनपगारी. त्यातला वेंडेलिन क्यूब्लर मंगळवारी आणि शुक्रवारी बस चालवी. बायको गेल्यापासून तो ह्या दोन दिवशीच दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि आठवडाभराचं बोलणं उरकून घ्यायचा. बाकीचे दिवस खिडकीत बसून काढायचा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे.

एका शुक्रवारी संध्याकाळी बसमध्ये तेलाचा पिवळा दिवा लागला. मंडळाच्या अध्यक्षा नेगेलेबाई पाहायला आल्या, तर चालकाच्या सीटखाली इंजिन ऑइलचा एक डबा निघाला, सील तुटलेला आणि अर्धवट भरलेला. चालकाने स्वतःहून इंजिनात काही ओतायचं नाही, हा मंडळाचा नियम. बसची हमी अजून चालू होती, आणि कारखान्याने मान्य केलेलं तेल नसलं तर कारखाना हमीतून अंग काढून घेतो. वेंडेलिन म्हणाला, डबा माझा नाही. पण सीट त्याची होती. त्याच्याकडची किल्ली काढून घ्यायची का, हे सोमवारच्या बैठकीत ठरणार होतं. तोवर चौकशी श्नेबेलेंनी करावी असं नेगेलेबाईंनी सुचवलं, कारण दुसरं कुणी रिकामं नव्हतं.

श्नेबेलेंनी शनिवारी सकाळी बस अग्निशमन दलाच्या अंगणात उभी करवली आणि तिला लाल-पांढऱ्या फितीने गुंडाळलं. बॉनेटवरून तर फितीचे तीन वेढे दिले. शनिवार हा घरापुढचा रस्ता झाडायचा दिवस, त्यामुळे अख्खी गल्ली झाडू घेऊन बाहेर होती आणि अंगणासमोरचा तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा झाडत होती. त्या गर्दीतून ओटिली झिपररबाई पुढे आल्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात पर्स. आपली एक वस्तू बसमध्ये राहिली आहे, असं त्या म्हणाल्या.

"हरवल्या-सापडल्याचं नंतर," श्नेबेले म्हणाले.

"नंतर म्हणजे कधी?"

"गुन्हा उघडकीला आल्यावर."

"मग मी घरून खुर्ची आणते," असं म्हणून ओटिलीबाई गेल्या.

श्नेबेलेंनी डबा बाकावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे रोखून पाहिलं. डबा काही कबूल करेना. मग त्यांनी लोरेन्झला लेबल वाचायला सांगितलं.

"५डब्ल्यू-३०," लोरेन्झने वाचलं. "डब्ल्यू म्हणजे विंटर, दाजी. थंडीत तेल किती वाहतं त्याचा तो आकडा. तीस म्हणजे इंजिन तापल्यावर किती दाट राहतं ते."

श्नेबेलेंनी डोळे मिटले. "हिवाळ्याचं तेल. आणि आता चाललाय ऑगस्ट. म्हणजे हा कट जानेवारीपासून शिजतोय. सूत्रधाराचं वय तीस, साथीदार पाच."

"तिशीतला माणूस गावात एकच आहे. आपले पाद्रीबाबा."

"ते गप्प गप्प असतातच," श्नेबेले म्हणाले.

पाद्रीबाबांची तासभर उलटतपासणी झाली. त्यांच्याकडे सायकल होती, आणि तिला ते खाण्याचं तेल घालत. हा गुन्हा असला तरी वेगळा होता.

लेबलावर पुढे 'सी३' होतं. तो युरोपातल्या गाड्यांच्या कारखानदारांनी मिळून ठरवलेला तेलाचा वर्ग आहे, असं लोरेन्झ सांगू लागला. पण दंडखात्यातल्या माणसाला सी-तीन म्हणजे पार्किंगची जागाच दिसणार. दोघे लोरेन्झच्या गाडीतून तालुक्याच्या बाजारात गेले. सी रांगेत तिसऱ्या जागेवर एक लाल गाडी उभी होती, आणि काचेमागे गाडी कधी उभी केली ती वेळ दाखवणारी निळी तबकडी लावलेली नव्हती. श्नेबेलेंना भरून आलं. अधिकार नसतानाही त्यांनी ब्रेत्सेलच्या कागदावर दंड लिहून वायपरखाली खोचला. परतताना ते फार दिवसांनी शीळ घालत होते.

रविवारी प्रार्थनेनंतर वेंडेलिन अंगणात आला. बरोबर थर्मासमध्ये कॉफी आणली होती. काही कळलं का, एवढंच त्याने विचारलं. त्याची दाढी वाढलेली होती. नेगेलेबाईही तिथेच होत्या, आणि ओटिलीबाई फितीबाहेर आपल्या खुर्चीवर.

श्नेबेलेंनी हातमोजे घालून डब्यातलं चमचाभर तेल बशीत काढलं. ते डांबरासारखं काळं होतं. नवं तेल मधाच्या रंगाचं असतं, तेव्हा ह्यात भेसळ आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग भिंगातून डब्याची पुढची बाजू पाहिली आणि एकदम पवित्रा बदलला.

"इथे ठळक लिहिलंय, 'लिंडाख एल-७० साठी'. बसच्या पुस्तिकेत काय मागितलंय? एल-७०. तेल योग्य, माणूस निर्दोष. प्रकरण बंद."

वेंडेलिनच्या चेहऱ्यावर हसू आलं. मंगळवारचा शर्ट इस्त्री करायला हवा, असं तो म्हणाला.

आता इथे लोरेन्झने गप्प बसायला हवं होतं. पण त्याने चष्मा पुसला, डबा फिरवला आणि मागचं बारीक लिहिलेलं मोठ्याने वाचलं. वरच्या ओळीत होतं, 'कारखान्याची मान्यता: लिंडाख एल-६०.' त्याखाली होतं, 'आम्ही हे तेल एल-७० लागणाऱ्या गाड्यांसाठीही सुचवतो.'

"म्हणजे?" नेगेलेबाईंनी विचारलं.

"एल-६० ची परीक्षा कारखान्याने घेतली आणि पास केलं. एल-७० चालेल असं तेलवालाच म्हणतोय. कारखान्याने म्हटलेलं नाही."

"म्हणजे हमी गेली."

"हे तेल ओतलं असेल तर गेली," लोरेन्झ म्हणाला आणि बोलता बोलताच त्याला कळलं की आपण काय करून बसलो.

"मी नाही ओतलं रे," वेंडेलिन म्हणाला. त्याने खिशातून बसची किल्ली काढली, रुमालाने पुसली आणि बाकावर ठेवली. कॉफी तशीच सोडून तो घरी गेला. लोरेन्झला आपल्या चष्म्याचा, अकलेचा आणि तोंडाचा एकदमच राग आला.

सोमवारी अग्निशमन दलाच्या सभागृहात बैठक भरली. वेंडेलिन शेवटच्या रांगेत, दाढी न करता. श्नेबेलेंनी फळ्यावर बाण काढले होते. एक बाण पाद्रीबाबांकडे जात होता, एक लाल गाडीकडे, आणि एक चुकून नेगेलेबाईंकडे. ते घसा खाकरत होते तेवढ्यात ओटिलीबाई खुर्चीसकट आत आल्या.

"गुन्हा उघडकीला येतो तेव्हा येऊ दे," त्या म्हणाल्या. "माझं जुनं तेल तेवढं द्या."

"कुठलं जुनं तेल?" नेगेलेबाईंनी विचारलं.

"आमच्या ह्यांच्या ट्रॅक्टरचं. शेजाऱ्याने बदलून दिलं, आणि निघालेलं काळं नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरलं. जिथून नवं आणलं त्या दुकानाला जुनं परत घ्यावंच लागतं ना. पावती आहे माझ्या पर्समध्ये. शुक्रवारी डबा लवंडू नये म्हणून पुढच्या सीटखाली सरकवला. मी कायम वेंडेलिनच्या मागेच बसते. मग बेकरीत मैत्रीण भेटली, लीझल, आणि राहूनच गेला."

"पण त्या तेलाला एल-७० ची मान्यता नाही," श्नेबेले म्हणाले.

"त्या ट्रॅक्टरला मान्यता लागत नाही. त्याला शिव्या लागतात."

लोरेन्झ उठला, अंगणात गेला आणि ब्रेत्सेल कापायच्या सुरीने बॉनेटवरचे तिन्ही वेढे कापले. सगळे मागोमाग आले. बॉनेटच्या आत, तेल बदलल्यावर वर्कशॉपवाले अडकवतात ती चिठ्ठी लोंबत होती: एल-७०, मान्यताप्राप्त. तेल मोजायची कांडी काढली तर पातळी खालच्या रेघेवर, म्हणजे वरून कुणी काही ओतलंच नव्हतं. हे इंजिन थोडं थोडं तेल पितं, ते अधूनमधून भरावं, असं पुस्तिकेत लिहिलेलं होतंच. लिटरभर ओतलं की दिवा विझणार होता.

"बॉनेट उघडायचं आधी कुणाला सुचलं कसं नाही?" नेगेलेबाईंनी विचारलं.

"पुराव्याला हात लावायचा नसतो," श्नेबेले म्हणाले आणि पुढे असंही म्हणाले की माणूस निर्दोष हे आपण रविवारीच सांगितलं होतं. दुर्दैवाने ते खरं होतं.

नेगेलेबाईंनी किल्ली वेंडेलिनपुढे धरली. त्याने ती लगेच घेतली नाही. आधी ओटिलीबाईंकडे वळून विचारलं, "उद्या जायचं ना दुकानात?"

"जायचं तर. पण डबा ह्या खेपेला श्नेबेलेंच्या मांडीवर. त्यांनीच अडकवून ठेवला होता."

मंगळवारी थांब्यावर बस आली तेव्हा लोरेन्झ नवं तेल घेऊन उभा होता. ह्या खेपेला त्याने दुकानातच डब्याची मागची बाजू वाचली होती. मान्यतेच्या ओळीत एल-७० होतं. त्याने लिटरभर ओतलं, काही वेळाने कांडी पाहिली, आणि वेंडेलिनने इंजिन चालू केलं तेव्हा पिवळा दिवा लागला नाही. वेंडेलिनच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. मागे श्नेबेले गुन्ह्याचा पुरावा कवटाळून बसले होते, आणि पुरावा त्यांच्या करड्या विजारीवर हळूहळू झिरपत होता.

लोरेन्झ पुढच्या सीटवर बसला. "वेंडेलिन, मी डब्याची मागची बाजू वाचली. पण तू काय म्हणत होतास ते ऐकलं नाही."

वेंडेलिनने आरसा नीट केला. "मग आता ऐक," तो म्हणाला. आणि तालुक्याचं गाव येईपर्यंत तो एकटाच बोलत राहिला.